धीर देणे हाही आचारच

मनुष्यदेह दुर्लभ आहे, हे परमार्गातील लहान मुलासही पाठ असते. परंतु दुर्लभ वस्तू हाती आली असता तिचा विनियोग कशासाठी करावयाचा, हा प्रश्न पुष्कळांच्या आयुष्यात शेवटपर्यंत अनुत्तरित राहतो. नामस्मरण करावे, भिक्षा करावी, स्थानांस वंदन करावे, हा आचार सर्वांस ठाऊक आहे. मात्र शेजारी बसलेला जीव खचला असता त्यास उभे करणे हाही आचारच होय, याचे भान क्वचित राहते.

धीर देणे म्हणजे गोड बोलणे नव्हे. ज्याचा जो अधिकार असेल, तो ओळखून त्याच्या योग्यतेची सेवा त्याच्या हाती सोपविणे, हा खरा धीर होय. श्रीनागदेवाचार्यांच्या चरित्रात या गोष्टीचा प्रत्यय पदोपदी येतो.

इ. स. १२७४च्या सुमारास सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंनी उत्तरापंथे गमन केले. सन्निधान अंतरले आणि भक्तपरिवार वियोगदुःखाने व्याकूळ झाला. स्वतः नागदेवाचार्य त्या दुःखाने पोळलेले होते. तरी त्यांनी परिवाराची धुरा वाहिली आणि सर्वांसह ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत काळ घालविला. ‘शोक करू नये’ असे सांगितल्याने कोणाचा शोक जात नाही. हातांस सेवा मिळाली म्हणजे मात्र तो हळूहळू ओसरू लागतो.

ऋद्धिपुरी आचार्य लीळांचे मनन करीत असत. ते पाहून म्हाइंभटांच्या मनात आले की, या लीळा लिहून ठेवाव्यात. हे म्हाइंभट एके काळी विद्वत्तेच्या अभिमानाने स्वामींशी वाद करावयास आलेले पंडित. आचार्यांनी त्यांचा तो पूर्वीचा अभिमान काढून दाखविला नाही, की लिहिण्याचे प्रयोजन काय, असेही म्हटले नाही. त्यांनी स्वतःस ठाऊक असलेल्या लीळा सांगितल्या. इतर लीळांसाठी म्हाइंभट ठिकठिकाणी गेले आणि ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या, त्यांच्याकडून त्या मिळविल्या. शके १२००च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. ज्या विद्येचा एके काळी अभिमान होता, तीच विद्या सेवेस लागली. तेव्हा एका उपेक्षेच्या शब्दाने म्हाइंभटांचा उत्साह मावळता, तर पुढील पिढ्यांचे केवढे धन बुडाले असते!

महदाइसेचेही तसेच. तिची जिज्ञासा अखंड होती. ती वारंवार प्रश्न विचारी आणि स्वामी तिच्या जिज्ञासेचा गौरव करीत. पुढे श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहाच्या लीळेत तिला गाण्याची आज्ञा झाली आणि श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे तिच्या मुखातून प्रकटले. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आज तिचे नाव घेतले जाते.

केशिराजबास संस्कृतात प्रवीण होते. त्यांनी शास्त्र संस्कृतात मांडण्याचा विचार केला असता आचार्यांनी त्यांस निवारिले. तसे केल्यास मार्गातील वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील, ही त्यांची चिंता होती. सूत्रपाठ आणि ११४ दृष्टांतांचा दृष्टांतपाठ ही केशिराजबासांची संकलने मराठीतच आहेत. या निर्णयाचे फळ पुढे दिसले. धाडीच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली, तेव्हा ज्यांच्या मुखोद्गत पाठांवरून ते पुन्हा उभे राहिले, त्यांत हिराइसा होती, असे परंपरा सांगते. ज्या स्त्रीजनांस ज्ञानापासून वंचित होऊ दिले नाही, त्यांच्यातीलच एकीने ते ज्ञान राखले.

हे केवळ पूर्वजांचे कौतुक म्हणून ऐकावयाचे नाही. नवा साधक पाठ म्हणताना अडखळतो आणि वडीलधारे हसतात. तो दुसऱ्या दिवशी मागच्या ओळीत बसतो, तिसऱ्या दिवशी येतच नाही. सून पोथी उघडते आणि ‘तुला काय कळणार?’ असे कोणी म्हणते. ती पोथी मग पुष्कळदा कायमची मिटते. शस्त्राने होते तीच हिंसा असे नव्हे. दुसऱ्याचा उत्साह मारणारे वचनही हिंसाच होय.

ऋद्धिपूर ज्या अमरावती जिल्ह्यात आहे, त्याच वऱ्हाडात नापिकी आणि कर्ज यांनी खचलेल्या कित्येक शेतकऱ्यांनी गेल्या काही दशकांत आपला जीव दिला. अशा घरी जाऊन केवळ प्रारब्धाचे निरूपण करणे पुरेसे नाही. शब्दांनी कर्ज फिटत नाही, हे खरे. परंतु पेरणीच्या वेळी बियाणे देणारा, कचेरीत सोबत येणारा, रात्री ओसरीवर बसून त्याचे ऐकून घेणारा कोणी असेल, तर आपण एकटे नाही, हे त्या मनुष्यास उमगते. आणि कालांतराने त्याच्याकडेही काही सोपवावे. मंडळाच्या कामात त्याचा सल्ला घ्यावा, पंगतीची व्यवस्था त्याच्यावर टाकावी. ज्याची कोणास गरज आहे, त्यास जगण्याचे कारण सापडते.

येथे एक सावधगिरी बाळगावी. स्तुती आणि धीर यांत अंतर आहे. स्तुती मनुष्यास जेथे आहे तेथेच बसविते व अहंकार वाढविते. धीर त्यास पुढच्या पायरीवर नेतो. म्हणून चूक झाकू नये, ती एकांतात सांगावी. आणि जे चांगले घडले, ते चार जणांत बोलावे. तसेच धीर देणाऱ्याने उपकाराचा हिशेब ठेवू नये. नागदेवाचार्यांनी स्वतःच्या हाताने ग्रंथ रचला नाही; तरी त्यांच्या आश्रयाने जे ग्रंथ झाले, त्यांवर मार्ग सात शतके चालत आला आहे.

जीवनाचे प्रयोजन शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. संध्याकाळी स्मरणास बसण्यापूर्वी प्रत्येक साधकाने व वासनिकाने स्वतःस एवढेच विचारावे : आज कोणाचे मन वाकले असता त्यास आधार दिला, आणि कोणाचे मन आपल्या शब्दाने वाकले? पहिल्याचे उत्तर प्रभुचरणी अर्पण करावे. दुसऱ्याचे उत्तर घेऊन उद्या सकाळी त्या मनुष्याच्या दारी जावे आणि प्रथम आपण दंडवत करावा.

दंडवत प्रणाम.