ज्यांच्यासाठी जेवण, त्यांचे पान कुठे?



येत्या शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर शाळेच्या पटांगणात आपले स्नेहभोजन आहे. ४ फेब्रुवारी हा जागतिक कर्करोग दिन आणि ११ फेब्रुवारी हा लूर्द मातेचा सण. हाच सण संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली जागतिक रुग्ण दिन म्हणून जाहीर केला आणि १९९३ पासून ख्रिस्तसभा तो पाळत आली आहे. या दोन दिवसांच्या मधला शनिवार आपण मुद्दाम निवडला आहे. जमणारा सर्व पैसा आपल्या धर्मग्रामातील कर्करोगाच्या रुग्णांसाठी वापरला जाईल. कूपने प्रत्येक वॉर्डात पोहोचली आहेत. ती घ्या, असे सांगण्यापूर्वी आम्हांला आपल्यापुढे एक चूक कबूल करायची आहे.

गेल्या वर्षीचे पहिले स्नेहभोजन आपणां सर्वांना आठवत असेल. पटांगणात रोषणाई होती, बँड होता, महिला मंडळाने केलेले गरम फुगे होते, लकी ड्रॉ होता. अपेक्षेपेक्षा जास्त रक्कम जमली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, वेदीवरून आम्ही सर्वांचे आभार मानले, आपण टाळ्या वाजवल्या आणि आम्ही समाधानाने झोपलो.

पुढच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही नेहमीप्रमाणे आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी निघालो. त्यात एक घर पटांगणाच्या भिंतीला लागून आहे. त्या घरातल्या काकांना जिभेचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रियेनंतर त्यांना बोलता येत नव्हते, अन्न नाकातल्या नळीतून जात होते. जे सांगायचे ते शाळेच्या वहीत लिहून दाखवायचे. प्रार्थना झाली. त्यांनी वही ओढली आणि लिहिले, "त्या रात्री बँड कोणासाठी होता?"

आम्ही गप्प राहिलो. उत्तर त्यांच्या पत्नीने दिले. "फादर, ते जेवण आमच्यासारख्यांसाठी होतं, हे आम्हांला बुलेटिन वाचून कळलं."

भिंतीच्या अलीकडे आम्ही सहाशे माणसे कर्करोग्यांसाठी जेवत होतो. भिंतीच्या पलीकडे एक कर्करोगी अंधारात पडून आमचा आवाज ऐकत होता. त्याला कूपन द्यावे, निदान घरी जाऊन सांगावे, हे पॅरिश कौन्सिलमध्ये कोणाला सुचले नाही. आणि सर्वांत आधी ज्यांना सुचायला हवे होते, त्या आम्हांलाही सुचले नाही. (हे सर्व लिहिण्यास त्या कुटुंबाने परवानगी दिली आहे. नाव आम्ही देत नाही.)

त्या दिवसापासून संत लूकच्या शुभवर्तमानातील चौदावा अध्याय आम्हांला वेगळा दिसू लागला. शब्बाथाच्या दिवशी येशू एका प्रमुख परुश्याच्या घरी जेवायला गेला आहे. मित्र, भाऊबंद, श्रीमंत शेजारी यांना जेवायला बोलावू नका, ते तुमची परतफेड करतील. ज्यांना परतफेड करता येत नाही अशा गरिबांना, व्यंग असलेल्यांना, लंगड्यांना, आंधळ्यांना बोलवा, ही त्याची शिकवण आपल्या ओळखीची आहे. पण अध्यायाच्या सुरुवातीकडे आपले लक्ष जात नाही. तिथे, त्या जेवणाच्या घरातच, येशूसमोर जलोदर झालेला एक माणूस आहे. सगळे येशूवर नजर ठेवून आहेत, तो या माणसाचे काय करतो हे पाहण्यासाठी. आजारी माणूस तिथे आहे, त्याच्यावरून चर्चा आहे, पण त्याच्यासाठी पान मांडल्याचा उल्लेख नाही. येशू त्याला बरे करतो, जाऊ देतो आणि त्यानंतर जेवणाला कोणाला बोलवावे याविषयी बोलतो. यजमानाला ते बोलणे का लागले असेल, हे आम्हांला आता कळते.

करिंथच्या ख्रिस्ती मंडळीत असेच झाले होते. ते प्रभुभोजनासाठी एकत्र येत, पण ज्यांच्याकडे होते ते आधी खाऊन मोकळे होत आणि ज्यांच्याकडे नव्हते ते उपाशी राहत. संत पौलाने त्यांना स्पष्ट शब्दांत सुनावले की, हे प्रभूचे भोजन नव्हे. त्यांच्या प्रार्थनेत किंवा गाण्यात काही कमी होते असे तो म्हणत नाही. पंक्तीत कोण उपाशी बसला आहे हे त्यांनी पाहिले नाही, हा त्यांचा दोष.

याउलट इसवी सन १५५ च्या सुमारास रोममध्ये संत जस्टिन यांनी रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात दोन गोष्टी एकापाठोपाठ येतात. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन ख्रिस्तप्रसाद घेऊन जात. आणि ऐपत असलेले जे देत ते प्रमुखांजवळ जमा होई, त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परके यांची काळजी घेतली जाई. म्हणजे निधी गोळा करणे ही काही आजची कल्पना नाही. पण ज्या घरी पैसा जात होता, त्या घरी आधी भाकर जात होती. गेल्या वर्षी आपण पैसा पाठवला आणि भाकर विसरलो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही संत थॉमस अक्विनास यांचा करुणेवरील विचार अभ्यासला. दुसऱ्याचे दुःख आपलेच आहे असे वाटणे आणि त्यातून शक्य ती मदत करणे, या दोन्ही गोष्टी मिळून करुणा होते, असा त्याचा सारांश सांगता येईल. परीक्षेत हे उत्तर आम्ही बरोबर लिहिले होते. पण मदत करूनही दुःख दुसऱ्याचेच राहू शकते, हे त्या वहीने शिकवले.

बंधुभगिनींनो, हा आजार आपल्यापासून दूर नाही. भारतात पुरुषांमध्ये तोंडाचा आणि स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. पहाटेच्या लोकलने आपल्या वाड्यांतली फुले दादरच्या बाजारात जातात. त्याच मार्गाने, दिव्यांग व कर्करोगग्रस्तांसाठी राखीव असलेल्या डब्यातून, आपली माणसे परळला टाटा रुग्णालयात जातात. कोण कशासाठी निघाला आहे हे फलाटावर कोणी कोणाला विचारत नाही. आपण तर या आजाराचे नावही घेत नाही. "गाठ आहे", "मोठा आजार आहे", एवढेच म्हणतो. मुलीचे लग्न मोडेल, लोक घरी यायचे थांबतील, म्हणून लपवतो. कर्करोग संसर्गाने पसरत नाही. सोबत जेवल्याने, हात हातात घेतल्याने तो कोणाला होत नाही. तरीही त्या घरचे पाणी प्यायला आपण कचरतो.

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांचे पती सर दोराबजी यांच्या नावाच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे रुग्णालय सुरू केले. एका घरातले दुःख त्या घरापुरते राहिले नाही, म्हणून आज लाखोंना दार उघडे आहे. त्याच रुग्णालयातले शल्यचिकित्सक डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ साली वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू केले. ज्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे अशांना शेवटपर्यंत सांभाळणारे ते भारतातले पहिले सदन. उपचार थांबले तरी सेवा थांबत नाही, हे त्या सदनाने आपल्याला शिकवले.

मग आपल्या पैशाचे काम काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन यांचा खर्च निघतो. कागदपत्रे करण्यासाठी आपले स्वयंसेवक मदत करतील. पण रुग्णाला स्टेशनपर्यंत नेणारी रिक्षा, सोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोज, आठवडे मुंबईत राहण्याचा खर्च, घरी लागणारी लोखंडी खाट आणि वॉटरबेड, जखम धुऊन पट्टी बांधायला येणारी नर्स, याचे पैसे कुठून आणायचे? गाय विकून, दागिना गहाण टाकून किती दिवस चालणार? आपला निधी इथे वापरायचा आहे.

यंदा आम्ही कौन्सिलसमोर काही गोष्टी ठेवल्या आणि कौन्सिलने त्या मान्य केल्या. ज्या घरी हा आजार आहे त्या घरी आम्ही किंवा सिस्टर स्वतः जाऊन आमंत्रण देत आहोत. त्यांना तेच कूपन मिळेल जे आपल्या हाती आहे. रंग वेगळा नाही, खूण नाही, टेबल वेगळे नाही. ज्यांना तिखट सोसत नाही किंवा तोंड उघडता येत नाही त्यांच्यासाठी पेज, सूप आणि मऊ भात असेल. तो कोणीही मागावा, कोणी कारण विचारू नये. केमोथेरपी चालू असताना गर्दीत संसर्गाची भीती असते, म्हणून ज्यांना डॉक्टरांनी मनाई केली आहे त्यांच्या घरी युवा मंडळाची मुले डबा घेऊन जातील. पटांगणातले पहिले ताट वाढण्यापूर्वी शेवटचा डबा घरी पोहोचलेला असेल. मुलांनो, डबा दारात ठेवून पळू नका. बाहेरच का होईना, दोन मिनिटे थांबा, विचारपूस करा.

मदत देताना फोटो काढले जाणार नाहीत. जमाखर्च पुढील महिन्याच्या बुलेटिनमध्ये छापू, नावे छापणार नाही. अर्ज आम्ही आणि सिस्टर, दोघेच पाहू.

पटांगणात यंदा दारू नसेल. यावर काही जणांनी नाराजी कळवली आहे, म्हणून कारण सांगतो. तंबाखूप्रमाणेच दारूही कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण आहे. एका हाताने निधी गोळा करायचा आणि दुसऱ्या हाताने ग्लास भरायचा, हे आम्हांला जमणार नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात हे आपणां सर्वांना माहीत आहे. त्या संध्याकाळी एका वर्गात डॉक्टर तोंडाची तपासणी करतील. तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल, तोंड कमी उघडत असेल, तर जेवणाआधी दाखवून या. स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीची माहिती सिस्टर देतील. हे तिन्ही कर्करोग लवकर कळले तर बरे होण्याची आशा खूप वाढते. लाजेपायी उशीर करू नका.

आता त्या काकांविषयी शेवटचे. त्या शुक्रवारी त्यांनी वहीत आणखी एक ओळ लिहिली होती, "मला विचारलं असतं तर मीही काही केलं असतं." ते आयुष्यभर आपल्या गावातल्या लग्नांचा स्वयंपाक करीत आले होते, हे आम्हांला आठवले. आम्ही त्यांना गरजू समजून बसलो होतो. त्यांच्याकडे देण्यासारखे काही असेल, हे आमच्या मनातच आले नाही. परतफेड न करणाऱ्यांना बोलवा असे प्रभू म्हणतो, तेव्हा ते रिकाम्या हातांचे आहेत असे तो म्हणत नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही विचारायला गेलो. त्यांनी दोन दिवस घेतले आणि सहाशे माणसांच्या स्वयंपाकाची यादी लिहून दिली. तांदूळ किती भिजवायचा, कांदा किती आणि केव्हा टाकायचा, कुठल्या टोपाखाली आच कधी कमी करायची, सगळे त्यात होते. युवा मंडळाच्या दोन मुलांना खुर्चीजवळ बसवून, खुणा करीत, त्यांनी मसाला भाजायला शिकवला. यादीच्या शेवटी लिहिले होते, "मीठ कोणालातरी चाखायला सांगा. मला चव कळत नाही."

पावसाळ्यात त्यांना रुग्णाभ्यंग देण्यात आला आणि थोड्याच दिवसांत प्रभूने त्यांना आपल्याकडे बोलावले. येत्या शनिवारचा स्वयंपाक त्यांच्या वहीवरून होणार आहे. त्यांची पत्नी मीठ चाखणार आहे. तिने तसे स्वतः सांगितले आहे.

तेव्हा या शनिवारी या. कूपन विकत घेणे शक्य नसेल तर तसेच या, दारात कोणी अडवणार नाही. येताना शेजारच्या घराकडे एकदा पाहा. तिथे दिवा लवकर मालवत असेल, तर दार वाजवा. पान मांडलेले आहे.

आपल्या प्रभूने पंक्तीला बसताना कोणाला दूर ठेवले नाही. त्याची आई, लूर्दची माता, आपल्या सर्व आजाऱ्यांना जवळ घेवो. दयाळू परमेश्वर आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले,
प्रमुख धर्मगुरू