निवडीचे ऋण

एस्प्लनेडला उतरून मैदानाच्या कडेने मेयो रोडकडे चालत गेले, की महात्मा गांधींचा पुतळा लागतो. कलकत्त्यास बदलून आलेल्या मराठी माणसाला हा परिसर लवकरच परिचयाचा होतो. कचेरीचे काम असो, धर्मतल्ल्याचा बाजार असो, की गावाकडून आलेल्या पाहुण्यांना शहर दाखवावयाचे असो, येथे आल्यावाचून चालत नाही. याच पुतळ्याच्या पायथ्याशी २०२१ सालापासून काही तरुण स्त्रीपुरुष धरणे धरून बसले होते. शिक्षकांच्या नेमणुकांसाठी २०१६ साली सुरू झालेल्या निवडप्रक्रियेतील ते उमेदवार. यादीत आपल्या मागे असणाऱ्यांना जागा मिळाल्या आणि आपण राहिलो, एवढीच त्यांची तक्रार होती. त्यापूर्वी २०१९ मध्ये याच रस्त्यावर, प्रेस क्लबापाशी, अशाच उमेदवारांनी २९ दिवस उपोषण केले होते. डिसेंबर २०२३ मध्ये धरण्याला १००० दिवस झाले, तेव्हा त्यांतील एका स्त्रीने सर्वांदेखत आपले केस उतरविले.

पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. २२ एप्रिल २०२४ रोजी कलकत्ता उच्च न्यायालयाने शिक्षक व शिक्षकेतर मिळून २५,७५३ नेमणुका रद्द केल्या. ३ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय मुख्यत्वे कायम ठेवला. उत्तरपत्रिकांच्या मूळ प्रतीच नष्ट झालेल्या असल्यामुळे संपूर्ण प्रक्रियेवरचा कलंक पुसता येण्याजोगा राहिला नव्हता. ज्यांनी प्रामाणिकपणे अभ्यास करून जागा मिळविली होती, त्यांची नेमणूकही लबाडीने जागा मिळविणाऱ्यांच्या नेमणुकीबरोबर गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये नवी परीक्षा झाली. वर्गात कित्येक वर्षे शिकविलेल्या शिक्षकांनाही पुन्हा परीक्षार्थी म्हणून बाकावर बसावे लागले.

या प्रकरणातील अपराध्यांचा न्याय करणे हे आमचे काम नव्हे. त्यासाठी न्यायालये आहेत. आमच्या मनात घोळत राहतो तो त्याहून जुना प्रश्न: शिक्षकाची निवड कोणी करावी, आणि ज्याने ती केली त्याच्यावर कोणते ऋण चढते?

या प्रश्नास आपणां अधिकाऱ्यांकडे एक तयार उत्तर असते. परीक्षा घ्यावी, गुण मोजावे, यादी लावावी. आपण स्वतः त्याच दारातून आत आलो. परीक्षकाला आपले आडनाव ठाऊक नव्हते, याचा आपणांस अभिमान आहे आणि तो योग्यही आहे. पश्चिम बंगालमध्ये महाविद्यालयांसाठी १९७८ चा आणि शाळांसाठी १९९७ चा आयोगाचा कायदा झाला, तेव्हाही हाच विचार प्रबळ होता. जागोजागच्या व्यवस्थापक मंडळांच्या हाती नेमणूक राहिली, तर पुतण्या आणि मेहुणा यांचीच वर्णी लागते. म्हणून ती दूरच्या, अनोळखी आयोगाकडे द्यावी. औषध शास्त्रशुद्ध होते. तरीही शाळांच्या बाबतीत रोग त्या औषधाच्याच बाटलीत शिरला. हे कसे झाले, याचा विचार करावयाचा तर या दुसऱ्या पद्धतीकडेही पाहिले पाहिजे, जीत शिक्षकच शिक्षकांना निवडीत होते.

तिचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. १८८४ साली पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढील वर्षी फर्ग्युसन महाविद्यालय निघाले. तेथे शिकविणारे आजीव सभासद हेच संस्थेचे चालक होते. वीस वर्षे सेवेची प्रतिज्ञा, दरमहा ७५ रुपये वेतन, आणि नव्या सभासदास घ्यावे की नाही याचा विचार जुन्यांनी करावयाचा. या मंडळात भांडणे थोडी झाली नाहीत. सभासदाने बाहेरची कामे आणि बाहेरचे उत्पन्न स्वीकारावे की न स्वीकारावे, या वादातून १८९० साली लोकमान्य टिळक संस्थेतून बाहेर पडले. पण ते भांडण कशासाठी होते हे पाहावे. जे स्वतः शिकवीत होते, तेच शिक्षकाच्या धर्माविषयी भांडत होते.

टिळकांच्या जाण्याने गणिताची जागा रिकामी झाली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मुंबईस गणित शिकविणाऱ्या आपल्या एका स्नेह्याला बोलाविले. ते धोंडो केशव कर्वे. १८९१ मध्ये ते पुण्यास आले आणि १९१४ पर्यंत तेथे शिकवीत राहिले. आजच्या दृष्टीने पाहिले तर ही नेमणूक म्हणजे स्नेह्याने स्नेह्याची लावलेली वर्णी होय. जाहिरात नाही, परीक्षा नाही. मग ती आपणांस खटकत का नाही? केवळ कर्वे पुढे महर्षी झाले म्हणून नव्हे. शेवट गोड झाला म्हणून आरंभ निर्दोष ठरत नाही. आमच्या मते कारण निराळे आहे. गोखल्यांना त्या निवडीसोबत राहावयाचे होते. त्याच ७५ रुपयांत, त्याच विद्यार्थ्यांसमोर. कर्वे अपुरे पडले असते तर त्यांच्या वर्गातील गोंधळ शेजारच्या वर्गात गोखल्यांच्या कानी आला असता. आणि १८९३ मध्ये कर्व्यांनी विधवेशी विवाह केला, गावाने त्यांना वाळीत टाकले, तेव्हाही संस्थेने त्यांना अंतर दिले नाही. निवड त्या एका दिवसापुरती नव्हती.

दुसरे उदाहरण या शहरातलेच. आशुतोष मुखर्जी १९०६ ते १९१४ आणि पुन्हा १९२१ ते १९२३ कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. विज्ञान महाविद्यालयासाठी तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष यांनी मोठ्या देणग्या दिल्या, तेव्हा अध्यासनांवर कोणास बसवावे हा प्रश्न आला. येथे आमच्या वाचकांस एक गोष्ट विशेष रुचेल. पदार्थविज्ञानाच्या पालित अध्यासनासाठी त्यांनी जो तरुण हेरला, तो आपल्यासारखाच सरकारी नोकर होता. चंद्रशेखर वेंकट रामन दिवसा अर्थखात्यात हिशेब पाहत आणि सकाळ-संध्याकाळ बहुबाजारच्या विज्ञानसंस्थेत प्रयोग करीत. १९१७ साली त्यांनी कमी वेतन पत्करून अध्यासन स्वीकारले. त्याच वर्षी प्राचीन भारतीय इतिहासाच्या कारमायकेल अध्यासनावर पुरातत्त्वखात्यातील देवदत्त रामकृष्ण भांडारकर आले आणि १९३६ पर्यंत राहिले. एक तमिळ, एक मराठी. बंगाली विद्यापीठाने दोघांचाही प्रांत पाहिला नाही. रामन यांच्याजवळ डॉक्टरेटही नव्हती. आजच्या अर्हतेच्या तक्त्यात त्यांचा अर्ज कदाचित पहिल्याच छाननीत बाजूला पडला असता.

परंतु येथवर येऊन थांबणे म्हणजे स्वतःची फसवणूक होईल. आशुतोषबाबूंची दृष्टी त्यांच्यापाशी होती. ती त्यांच्या खुर्चीला चिकटलेली नव्हती. एका थोर माणसाच्या पारखीवर चालणारी व्यवस्था त्याच्यानंतरच्या सामान्य माणसाच्या हाती तेवढीच मोकळीक देऊन जाते. पुण्याच्या मंडळाचीही दुसरी बाजू आहे. तेथील आजीव सभासद बहुतेक एकाच सामाजिक वर्तुळातले होते. ते वाईट होते असे नव्हे. पण जेथे सारे एकमेकांस ओळखतात, तेथे अनोळखी माणूस योग्य असूनही दिसत नाही. डॉक्टर आंबेडकरांना १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले, ते सरकारी महाविद्यालय होते, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. स्नेह्यांच्या मंडळाने त्यांना आपण होऊन बोलावणे धाडले असते, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परीक्षा, जाहिरात, राखीव जागा ही सारी त्या न दिसणाऱ्या माणसाला दाराशी उभे राहण्याचा हक्क देणारी साधने आहेत. ती टाकून देऊन जुन्या विश्वासाकडे परत जा, असे म्हणणारा मनुष्य बहुधा आधीच आत बसलेला असतो.

तेव्हा नियम की पारख, असा हा प्रश्न नाही. येथे आम्हांस स्वतःविषयीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या बैठकीस आम्ही शासनाचे प्रतिनिधी म्हणून गेलो होतो. जागा एकच मंजूर झाली होती आणि मागणी दोन विभागांची होती. एका विभागात विद्यार्थ्यांची गर्दी. दुसऱ्यात विद्यार्थी मोजके, पण शिक्षक एकच आणि तोही निवृत्तीच्या उंबरठ्यावर. तो गेला की विषय बंद. तेथील वृद्ध प्राध्यापकांनी आपले म्हणणे मांडले. आवाज थोडा कापत होता. मग कोणीतरी विद्यार्थिसंख्येचा तक्ता पुढे सरकविला. आकड्यांत वाद नव्हता. आम्हांस रात्रीची गाडी गाठावयाची होती. आम्ही सही केली. कागद सर्व नियमांनुसार होते, आणि निर्णय चुकला असे आजही आम्ही खात्रीने म्हणू शकत नाही. पण आम्ही एकही प्रश्न विचारला नव्हता. दोन वर्षांनी कळले, की तो विषय तेथून गेला. आम्हांस त्याची झळ लागली नाही; आमची तोवर बदली झाली होती.

तेव्हापासून आम्हांस वाटू लागले, की दोष केवळ पैसे घेणाऱ्याचा नसतो. ज्याला निवडीचे फळ भोगावयाचे नाही, त्याच्या हाती निवड गेली की ती हळूहळू नुसता कागद होते. आणि कागदाची किंमत ठरविणारा कोणी ना कोणी भेटतोच. दूरचा आयोग निःपक्षपाती असतो, कारण त्याचे कोणाशी नाते नसते. पण नाते नसल्यामुळेच वर्गातले रिकामे बाक त्याला दिसत नाहीत. जवळच्या मंडळाला ते दिसतात. पण दाराबाहेरचा माणूस दिसत नाही. म्हणून दार नियमाने उघडावे आणि आत आलेल्यांतून निवड त्यांनी करावी, ज्यांना त्या सहकाऱ्यासोबत पुढील वीस वर्षे शिकवावयाचे आहे. मात्र प्रत्येक निवडीची कारणे त्यांनी आपल्या नावानिशी लिहून ठेवावीत आणि ती नाकारलेल्यालाही वाचता यावीत. जागा कोणत्या विषयास द्यावी, या निर्णयालाही हेच लागू आहे. न भरलेली जागा हीसुद्धा एक निवडच असते.

यावर कोणी म्हणेल, की लेखी कारणेही खोटी लिहिता येतात. येतात. परंतु नाव घालून खोटे लिहिणाऱ्याला ते खोटे आपल्याजवळ ठेवून जगावे लागते, आणि लेखी कारण जपून ठेवलेले असले तर दहा वर्षांनी दोषी आणि निर्दोष वेगळे काढता येतात. २५,७५३ माणसांच्या बाबतीत नेमके तेच जपले गेले नाही.

बदलीचा हुकूम आला की आपण कपाटे रिकामी करतो, किल्ल्या देतो, आणि सही केलेल्या कागदांचा आपला संबंध संपला असे मानतो. एस्प्लनेडवरून जाताना त्या पुतळ्याकडे पाहिले, की हे मानणे आम्हांस कठीण जाते. तेथे बसलेल्या तरुणांपैकी कोणाच्याही कागदावर आमची सही नव्हती. तथापि अशाच एका कागदावर ती आहे, आणि त्या वर्गात आज कोण शिकत नाही, हे आम्ही कधी विचारलेले नाही.