नाबोथाचा मळा आणि मेळघाट



अहाब राजाने नाबोथाला देऊ केलेला सौदा तसा वाईट नव्हता. याहून चांगला मळा घे, नाहीतर रोख किंमत घे. पण ते वाडवडिलांचे वतन म्हणून नाबोथ नाही म्हणाला, आणि तो नकार त्याच्या जिवावर बेतला.

१९७३ च्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आपला मेळघाट होता. पुढे तेथील कोरकू बांधवांची काही गावे उठून अकोट तालुक्यात आली. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अशा स्थलांतराला ग्रामसभेची लेखी संमती लागते. मोबदला कुटुंबामागे १० लाख होता; २०२१ मध्ये तो १५ लाख झाला. तरीही जानेवारी २०१९ मध्ये काही पुनर्वसित कुटुंबे जमीन व सोयींच्या तक्रारी घेऊन जंगलात परतली आणि संघर्ष झाला.

मग संमती म्हणजे काय? कागदावरचा अंगठा? ज्या गावाला रस्ता नाही, दवाखाना दूर, त्याला 'नाही' म्हणण्याची सोय असते का? ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचा होकार हा होकार नव्हे.

वाघ जगलाच पाहिजे. पण वाघ सर्वांचा, तर त्याची किंमत एकट्या कोरकूने का मोजावी? अचलपूर तालुक्यातील पायविहीरने २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून उजाड रान पुन्हा हिरवे केले. हक्क दिला की माणूस जंगल राखतो.

अकोट-परतवाड्याच्या बाजारात कोरकू भाऊ भेटला, तर आधी त्याचे जुने गाव विचारा. आणि मग ऐका.