तिसरा वाटा

अन्नांत वाटा कोणाचा, धनांत वाटा कोणाचा, याविषयीं आपल्याकडे पुष्कळ विचार झालेला आहे. दारीं आलेल्या अतिथीचा भाग कोणता, गाईचा कोणता, हें आपल्या आज्यांना न विचारतां ठाऊक असे. परंतु हवेंत वाटा कोणाचा, हा प्रश्न कोणीं केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. आणि तो करण्याचें कारणहि पडत नाहीं. हवा अमाप आहे. एकानें श्वास घेतल्यानें शेजाऱ्याचा श्वास उणा होत नाहीं. जेथें ती मोजून, धातूच्या टाकींत कोंडून पाठीवर न्यावी लागते, तेथें मात्र हा प्रश्न सोडविल्यावांचून पाऊल टाकतां येत नाहीं. तें ठिकाण म्हणजे खोल पाणी.

स्कूबा हा शब्द आतां मराठी घरांत नवा राहिलेला नाहीं. मालवण-तारकर्लीस जाऊन पाण्याखालचे मासे पाहून आलेली मंडळी बहुतेकांच्या नात्यांत सांपडेल. परंतु त्या पहिल्या बुडींत पाहुण्याच्या टाकीला वाटाड्याचा हात असतो. किती खोल जावयाचें, केव्हां परतावयाचें, हें सर्व तोच ठरवितो. आमचा प्रश्न सुरू होतो तो हा हात सुटल्यावर, म्हणजे दोन सारख्या अधिकाराचीं माणसें एकमेकांच्या भरंवशावर खालीं उतरूं लागतात तेव्हां. त्या वेळीं पाठीवर काय घ्यावें आणि उतरण्यापूर्वी काय ठरवावें, ही वरवर केवळ सामानाची व सोयीची बाब दिसते. आमच्या मतें ती नीतीची बाब आहे.

ही विद्या फार जुनी नाहीं. १९४३ सालीं फ्रान्समध्यें जॅक-इव्ह कुस्तो हे नौदलाचे अधिकारी आणि एमील गान्यां हे इंजिनियर, या दोघांनीं माणूस श्वास ओढील तेव्हांच आणि सभोंवतालच्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा सोडणारी झडप सिद्ध केली. युद्धामुळें पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालविण्यासाठीं गान्यां यांनीं जी झडप केली होती, तिचेंच हें रूपांतर. या झडपेनें माणूस वरच्या नळीपासून मोकळा झाला. पण मोकळा झाला म्हणजे आपल्या शिदोरीपुरताच मोकळा झाला, हें विसरून चालत नाहीं.

या शिदोरीचा हिशेब ज्यांनीं नीट मांडला ते समुद्रांत उतरणारे नव्हते, गुहांत उतरणारे होते. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यांत चुनखडीच्या दगडांतून मोठमोठे झरे निघतात व त्यांच्या पाठीमागें पाण्यानें भरलेल्या गुहा दूरवर पसरलेल्या आहेत. समुद्रांत संकट आलें तर निदान वर तरी जातां येतें. गुहेंत वर गेल्यास डोकें दगडावर आपटतें. आलों त्या वाटेनें परत, एवढाच मार्ग. तेथें पुष्कळ माणसें मेलीं. शेक एक्सली नांवाच्या एका गणिताच्या शिक्षकानें या मृत्यूंची छाननी करून १९७९ सालीं एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत आढळलेलीं कारणें अगदीं साधीं आहेत: बाहेरपर्यंत अखंड दोरी नव्हती, परतीपुरती हवा राखली नव्हती, किंवा माणसें नको तितकीं खोल गेलीं होतीं. यांपैकीं हवेविषयींचा नियम असा, कीं हवेचे तीन वाटे करावे. एक आंत जाण्यास, एक बाहेर येण्यास, आणि तिसऱ्यास हात लावूं नये.

हा तिसरा वाटा कोणाचा? सहज विचारलें तर कोणीहि म्हणेल, अडीअडचणीसाठीं ठेवलेला, म्हणजे माझाच. पण हिशेब करून पाहावा. दोघे गुहेच्या टोंकाशीं पोंचले, प्रत्येकाजवळ दोन-दोन वाटे उरले, आणि त्याच क्षणीं एकाची सगळी हवा गेली. आतां दुसऱ्याच्या पाठीवर दोन वाटे आहेत आणि बाहेर यावयाचीं माणसें दोन आहेत. हिशेब बरोबर जुळतो. एक श्वासहि अधिक उरत नाहीं. तो नेमका जुळतो याचेंच कारण तिसरा वाटा प्रारंभापासून सोबत्याच्या नांवानें काढलेला आहे हें होय. (घाबरलेला माणूस दुप्पट हवा ओढतो, म्हणून शहाणे लोक तिसऱ्याहूनहि अधिक राखतात.) आणखी एक मौज अशी, कीं एकाची टाकी मोठी व दुसऱ्याची लहान असेल तर मर्यादा लहान टाकीच्या तिसऱ्या भागावरून ठरते. ज्याच्याजवळ अधिक आहे त्यानें किती पुढें जावें हें ज्याच्याजवळ उणें आहे तो ठरवितो. अशी समाजव्यवस्था जमिनीवर आम्हांस तरी फारशी कोठें दिसली नाहीं.

उघड्या समुद्रांत हाच हिशेब निराळ्या आंकड्यांनीं करतात. ३० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, म्हणून तेथला एक श्वास वरच्या चार श्वासांइतकी हवा खातो. १२ लिटरच्या टाकींत २०० बार दाबानें सुमारें २,४०० लिटर हवा मावते. भ्यालेला माणूस मिनिटास ३० लिटर ओढील असें धरलें तर दोघांचे ६०. तळाशीं त्याचे होतात २४०. गोंधळ निस्तरण्यास एक मिनिट, म्हणजे हे २४० लिटर. मिनिटास १० मीटर या संथ गतीनें वर येण्यास तीन मिनिटें. सरासरी दाब अडीचपट, म्हणून ४५० लिटर. पांच मीटरवर तीन मिनिटें थांबावयाचें, त्याचे २७०. एकूण ९६० लिटर, म्हणजे दाबमापकाचा कांटा ८० वर. तो तेथें आला कीं समोर कितीहि सुंदर दृश्य असो, वळावयाचें. नवशिका म्हणतो, अजून ८० बार शिल्लक आहेत. शिल्लक आहेत हें खरें; पण त्यांतले निम्मे त्याचे नाहींत.

सामानाची निवड याच विचारांतून निघते. गुहांत उतरणारे लोक दोन रेग्युलेटर बाळगतात. एक सुमारें सात फूट लांब नळीचा, हा तोंडांत असतो. दुसरा आंखूड नळीचा, गळ्यांत रबरी दोरीनें हनुवटीखालीं लटकणारा. नळी लांब एवढ्यासाठीं, कीं अरुंद भुयारांतून दोघांना एकामागें एक येतां यावें. सोबत्यानें हवा मागितली तर काय द्यावें? राखीव द्यावा असें कोणासहि वाटेल. त्यांचा नियम उलट आहे. जो तोंडांत आहे तो काढून सोबत्यास द्यावयाचा आणि आपण गळ्यांतला घ्यावयाचा. कारण तोंडांतला चालूं आहे याविषयीं शंका नाहीं, आणि गुदमरणाऱ्याला शंकेची वस्तू देऊं नये. हें वाचून आम्हांस आमच्याच घरच्या दानाची लाज वाटली. जुने कपडे, कालची पोळी, वाचून झालेलीं पुस्तकें. आपण देतों तें बहुधा गळ्यांतलें असतें, तोंडांतलें नसतें.

येथून पुढें वाद आहे, आणि तो साधा नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत फ्लोरिडांतीलच कांहीं मंडळींनीं असा आग्रह धरला, कीं संघांतील प्रत्येकाचें सामान सारखेंच असावें. तीच नळी, तोच पट्टा, दिवा त्याच जागीं, सुरी त्याच जागीं. अंधारांत सोबत्याच्या अंगावर हात फिरवला तर जें आपल्या अंगावर जेथें आहे तेंच तेथें सांपडलें पाहिजे. जें लागत नाहीं तें घेऊं नये. त्यांच्यापैकीं कांहींची भाषा उद्धट होती, व निराळें सामान वापरणाऱ्यांस ते जवळजवळ वाळींत टाकीत. त्यामुळें पुष्कळ शहाणीं माणसें दुखावलीं आणि गणवेषासाठीं आम्ही पाण्यांत उतरत नाहीं असें म्हणूं लागलीं.

त्या मंडळींच्या बाजूनें एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९४६ सालीं कुस्तो व त्यांचे मित्र फ्रेदेरिक द्यूमा हे दक्षिण फ्रान्समधील व्होक्लूझच्या झऱ्यांत उतरले. टाक्या भरणारें यंत्र स्वतःच्याच इंजिनाचा धूर ओढीत होतें, हें कोणास ठाऊक नव्हतें. विषारी हवेनें खालीं दोघांचीहि शुद्ध हरपूं लागली. कुस्तो दोरीला धरून वर चढूं लागले. तों वर उभ्या असलेल्या मोरीस फार्ग यांस वाटलें, हे अधिक दोरी मागत आहेत, म्हणून त्यांनीं ती भराभर सोडली. चढणारा चढतो आहे आणि दोर खालीं येतो आहे! शेवटीं फार्ग यांस शंका आली व त्यांनीं दोघांस ओढून काढलें. प्रेमाची उणीव तेथें नव्हती. एका हिसक्याचा अर्थ दोन टोंकांना दोन झाला, इतकेंच. तेव्हां ज्या ज्या वस्तूला संकटांत दुसऱ्याचा हात लागावयाचा आहे, ती दुसऱ्यास ठाऊक असलीच पाहिजे, हें आम्हांस निर्विवाद वाटतें. बाकी पायांतले पंख पिवळे असोत कीं काळे. तेथें हुकूम चालविणें हा नुसता दांडगेपणा.

दुसऱ्या बाजूचे लोक एकटे उतरतात. ते निराळी लहान टाकी व दुसरा स्वतंत्र रेग्युलेटर बाळगतात, आणि म्हणतात कीं सोबती हाच पुष्कळदां संकटाचें मूळ असतो. यांतहि एक सभ्यपणा आहे. कोणाकडे मागण्याची पाळी येऊं न देणें हा लहान गुण नव्हे. परंतु त्यानें मागण्याचा प्रश्न सुटतो, देण्याचा सुटत नाहीं. शेजारच्या पाण्यांत दुसरा कोणी गुदमरत असेल तर या स्वावलंबी माणसाच्या हिशेबांत त्याचा वाटा आहे कीं नाहीं? असेल, तर तो आधींच मोजलेला असला पाहिजे.

आधींच, हा शब्द आम्ही जाणून वापरला आहे. खोलीवर नायट्रोजनाची गुंगी चढते. माणसास भीति वाटेनाशी होते आणि सर्व कांहीं ठीक आहे असें वाटतें. ज्या फार्ग यांनीं कुस्तोंचे प्राण वाचविले, तेच पुढच्या वर्षीं, १९४७ सालीं, साधी हवा घेऊन खोलीचा उच्चांक करण्यास उतरले. दोरीला ठराविक अंतरांवर पाट्या बांधल्या होत्या. ते परत आले नाहींत. त्यांचें प्रेत वर काढलें. सुमारें १२० मीटरवरच्या पाटीवर त्यांची सही होती. हात सही करीत होता तेव्हां बुद्धि कितपत जागी होती, हें कोण सांगणार? म्हणून वळण्याचा आंकडा काठावर ठरवावयाचा असतो. सोबत्यासाठीं प्राण द्यावे कीं न द्यावे, हा विचार १२० मीटरवर करावयाचा नसतो. तो सकाळीं चहा घेतांना, पाटीवर पेन्सिलीनें, टाकीचें माप लिहितांना होऊन गेलेला असतो.

याच लोकांचा आणखी एक नियम आहे. कोणीहि, केव्हांहि, कोणत्याहि कारणासाठीं अंगठा वर केला कीं बुडी संपली. (पाण्याखालीं या खुणेचा अर्थ छान असा नसून वर चला असा आहे.) कारण विचारावयाचें नाहीं. हा नियम पाण्यांत क्वचितच मोडतो. तो मोडतो होडींत. शेंकडों मैल प्रवास करून, पैसे मोजून आलेला सोबती दहाव्या मिनिटास वर यावें लागलें म्हणून कपडे बदलतांना बोलत नाहीं, खिडकीकडे तोंड करून परतीचा प्रवास करतो. पुढच्या वेळीं पहिल्याचा अंगठा वर येण्यास क्षणभर उशीर होतो.

एक्सली १९९४ सालीं मेक्सिकोंतील झाकातोन नांवाच्या अतिखोल डोहांत वारले. त्या दिवशीं त्यांचे सहकारीहि उतरले होते, पण निराळ्या दोरीनें. इतक्या खोलीवर एकानें दुसऱ्यास हवा देण्याची आशाच नव्हती, आणि दोघांनाहि तें ठाऊक होतें. तिसऱ्या वाट्याचा नियम सांगणारा माणूस अशा पाण्यांत उतरला, यावरून कोणी त्यांस दोष देतात. आम्हांस तो देववत नाहीं. ते कोणाचा वाटा घेऊन गेले नाहींत. आणि जेथें सोबत्याचा वाटा काढतांच येत नाहीं तेथें सोबती नेला नाहीं.