पंचाहत्तर टक्क्यांच्या अलीकडे

सत्र संपत आलं की महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एक यादी लागते. पोरं तिला ‘डिफॉल्टर लिस्ट’ म्हणतात. ७५ टक्के हजेरी न भरलेल्यांची नावं तिच्यात असतात. मग पालकांना बोलावणं, हमीपत्र, परीक्षेला बसू देतील की नाही याची धाकधूक. अमरावतीत शिकवताना अशा याद्या मीही लावल्या आहेत. एका हिवाळी सत्रात नांदगाव खंडेश्वर तालुक्यातली एक मुलगी वडिलांना घेऊन आली. हमीपत्रावर सही करता करता वडील म्हणाले, “सर, सोयाबीन सोंगाले मजूर भेटत नव्हते, म्हणून पोरीले घरी ठेवलं. तिचा दोष नाही.”

ते गेल्यावर मी हजेरीपट उघडून तिच्या एका विषयाचा हिशेब मांडला. आठवड्याला ४ तासिका, १५ आठवडे, एकूण ६०. त्यातल्या ४५ भरल्या की अट पूर्ण, म्हणजे चुकवायची मुभा १५ तासिकांची. सोंगणीच्या दोन आठवड्यांत ८ गेल्या, तापाच्या आठवड्यात ४, आणि गावाहून येणारी सकाळची गाडी हुकल्यामुळे पहिला तास बुडाला तो ७ वेळा. बेरीज १९, हजेरी ६८ टक्के. यातली एकही तासिका तिनं कंटाळा म्हणून बुडवली नव्हती. मात्र कट्ट्यावर बसून तास चुकवणाऱ्याचे ६८ आणि हिचे ६८ यादीत एकाच रांगेत होते.

वर्गात येण्याला किंमत नाही, असं मी म्हणणार नाही. या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा आढावा मार्कस क्रेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केला. महाविद्यालयातल्या गुणांशी हजेरीचं नातं अमेरिकेतल्या प्रवेश परीक्षेच्या गुणांपेक्षाही घट्ट असल्याचं त्यात दिसलं. पण सक्तीच्या नियमामुळे सरासरी गुणांत पडणारी भर लहानच होती. ज्याला शिकायची ओढ आहे तो वर्गातही येतो आणि अभ्यासही करतो. त्याचे गुण केवळ हजेरीच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

त्याच वर्षी सांताक्रूझ इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या वर्गांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सत्राच्या मधल्या परीक्षेत जे खालच्या निम्म्यात आले, त्यांनाच हजेरी सक्तीची केली. सीमारेषेच्या जरा वरचे आणि जरा खालचे विद्यार्थी ताडून पाहिले, तेव्हा सक्ती झालेल्यांची हजेरी वाढलेली दिसली आणि शेवटच्या परीक्षेतले गुणही. ही सक्ती लागू झाली ती सावरायला वेळ असताना, आणि ज्यांना गरज होती त्यांनाच. आपला नियम विद्यार्थ्याला गाठतो तो सत्राच्या अखेरीस. तोवर शिकवून संपलेलं असतं. उरलेली असते ती शिक्षा.

अकोल्यात या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. नीट आणि जेईईच्या शिकवण्यांसाठी वऱ्हाडातली मुलं तिथं खोली करून राहतात. नाव कनिष्ठ महाविद्यालयात, शिक्षण शिकवणी वर्गात, ही रीत राज्यभर इतकी रुळली की २०१८ साली सरकारला विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. यंत्र अंगठा मोजतं. पोरगं वर्ग सोडून शिकवणीकडे का वळलं, हे मात्र आपल्यालाच स्वतःला विचारावं लागेल. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरचे शिक्षक एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे धावणारे. अशा वेळी पोरांनी चुकवलेल्या तासांइतकाच न झालेल्या तासांचाही हिशेब ठेवला पाहिजे.

हजेरीचे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरण्यालाही माझा विरोध आहे. पोराला विषय किती आला, हे गुणपत्रिकेनं सांगावं. त्यात बाकावर बसल्याचे गुण मिसळले की कच्चा विद्यार्थी पक्का दिसतो आणि सोंगणीला गेलेली हुशार मुलगी कच्ची.

पापळच्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांना खेड्यातल्या पोराची अडचण ठाऊक होती. अमरावतीत त्यांनी श्रद्धानंद छात्रालय उभारलं, १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. पोरगं वर्गापर्यंत पोचायचं तर त्याला शहरात पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचं जेवण हवं, हा त्या कामामागचा साधा विचार. हजेरी वाढवण्याचा याहून खात्रीचा उपाय मला अजून दिसलेला नाही.

म्हणून प्राध्यापक मित्रांना आणि प्राचार्यांना माझी विनंती आहे. यादी काढाच, पण चौथ्या आठवड्यात काढा, आणि ती फलकावर लावू नका. एकेका पोराला समोर बसवा आणि विचारा, “काय अडचण आहे?” कोणाला वसतिगृह लागेल, कोणाला पहिल्या तासाची वेळ बदलून लागेल, कोणाला सोंगणीनंतर चार जादा तास लागतील, आणि एखाद्याला चार खडे बोलही लागतील. हे सगळं करून झाल्यावर जो येणार नाही, त्याला नियम जरूर लावा. त्या मुलीला मी हे चौथ्या आठवड्यात विचारलं नाही. हमीपत्रावर सही तिच्या वडिलांची होती; चूक माझी होती.