अडकलेल्या माणसाचं शहर

विमान रद्द झालं, हाती अवचित एक रिकामा दिवस आला आणि ध्यानीमनी नसताना एक नवं शहर बघून झालं, ही हकिगत आपल्याकडे गप्पांत हमखास रंगते. ‘झालं ते बरंच झालं’ हा तिचा ठरलेला शेवट. सांगणारा खोटं बोलत नसतो. पण त्याच विमानातले जे लोक दिवसभर विमानतळाच्या बाहेर पडूच शकले नाहीत, ते अशा गप्पांत सहसा नसतात. असले, तरी त्या शहराबद्दल त्यांना एकच गोष्ट ठाऊक असते: तिथल्या खुर्च्यांना मधे हात आहेत, त्यामुळे आडवं होता येत नाही.

विमान रद्द झाल्यावर परक्या शहराचं जे पहिलं दर्शन घडतं, त्यात शहर थोडं आणि आपल्या खिशातले कागद जास्त दिसतात, असं माझं मत आहे. म्हणून त्या दर्शनावरून शहराला प्रेमळ किंवा माणूसघाणं ठरवायला मी तयार नाही.

डिसेंबर 2024 मधलं कुवेतचं प्रकरण घ्या. मुंबईसह भारतातून निघालेले प्रवासी बहारीनमार्गे मँचेस्टरला चालले होते. बहारीन सोडल्यावर विमानात बिघाड झाला आणि 1 डिसेंबरच्या पहाटे ते कुवेतला उतरवावं लागलं. पुढचा प्रवास सुरू व्हायला दुसरी पहाट उजाडली. मधल्या काळात ब्रिटिश, युरोपीय, अमेरिकी पासपोर्टवाल्यांची हॉटेलात सोय झाली आणि आम्हाला जमिनीवर बसवून ठेवलं, अशी तक्रार साठेक भारतीयांनी केली. नेमकी त्याच दिवशी कुवेतमध्ये आखाती देशांची शिखर परिषद होती, त्यामुळे हॉटेलं मिळेनात. शिवाय भारतीयांना व्हिसाशिवाय बाहेर सोडायला नियम आडवा येत होता. अखेर भारतीय दूतावासाची माणसं विमानतळावर पोचली, तेव्हा या प्रवाशांना दोन लाऊंजमध्ये जागा मिळाली. गंमत अशी (गंमत म्हणवत नाही खरं तर) की त्या इमारतीच्या बाहेर जवळपास दहा लाख भारतीय राहतात. नर्स, ड्रायव्हर, इंजिनिअर, दुकानदार. कुवेत चालतं त्यांच्यावर. पाहुणचार करायला शहर समर्थ होतं, दार मात्र उघडत नव्हतं.

इस्तंबूलला माझं विमान रद्द झालं तेव्हा हेच मी जरा बऱ्या बाजूने पाहिलं. काउंटरवर रांग लागली होती. माझ्या पासपोर्टवर चालू शेंगेन व्हिसा होता. तो असला, की भारतीयाला तुर्कस्तानचा ई-व्हिसा फोनवरून तिथल्या तिथे, पैसे भरून मिळतो. माझ्या पुढे आफ्रिकेतून घरी परतणारा एक मराठी तरुण होता. पासपोर्ट दोघांचा सारखाच निळा, पण त्याच्याकडे तो व्हिसा नव्हता. त्याला जेवणाचं कुपन मिळालं, मला हॉटेलची बस. काउंटरवरची मुलगी दोघांशी सारख्याच सौजन्याने बोलली. तिच्या हातात काही नव्हतं.

पुढचं इस्तंबूल मला फार आवडलं, हे लपवण्यात अर्थ नाही. एमिनोनूच्या धक्क्यावरून कादिकोयला जाणाऱ्या बोटीत बसलो. चहावाला ट्रे सावरत बाकांमधून फिरत होता. कमरेशी निमुळता होणारा काचेचा इवला पेला, खाली बशी, बशीत दोन साखरेचे चौकोन आणि बाहुलीच्या भातुकलीतला वाटावा असा चमचा. दूध नाही. पेला काठाशी धरावा लागतो, नाहीतर बोटं पोळतात. शेजारच्या आजोबांनी तिळाच्या सिमितचा अर्धा तुकडा मोडून माझ्या हातात ठेवला. खायला की सीगलना टाकायला, ते कळायला मार्ग नव्हता. मी खाल्ला. समोर सुलेमानिये मशिदीचा घुमट हळूहळू मागे सरत होता. त्या तरुणाने याच शहरात एक रात्र काढली, आणि त्याचं इस्तंबूल म्हणजे चोवीस तास जळणारे दिवे आणि सूचनांचे भोंगे. आम्हा दोघांपैकी खरं इस्तंबूल कुणी पाहिलं? माझं उत्तर आहे, दोघांनीही नाही.

कायद्याने यातलं बरंच काही सुटतं, हे मान्य करायला हवं. युरोपीय संघाचा 261/2004 हा नियम 2005 पासून लागू आहे. विमान रद्द झालं तर अंतरानुसार 250 ते 600 युरो भरपाई, वर जेवण आणि मुक्कामाची सोय. हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर भरपाई टळते, पण सोय करणं टळत नाही. एप्रिल 2010 मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचं आकाश बंद पाडलं. तेव्हा पोर्तुगालमध्ये अडकलेल्या एका आयरिश बाईंनी खर्चासाठी विमान कंपनीला कोर्टात खेचलं, आणि 2013 मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की ज्वालामुखी झाला तरी प्रवाशाची काळजी घेणं कंपनीला चुकत नाही. मात्र त्याच राखेच्या दिवसांत फ्रँकफर्टला व्हिसा नसलेल्यांसाठी ट्रान्झिट भागातच खाटा मांडाव्या लागल्या होत्या. हॉटेलचा हक्क कायदा देतो. हॉटेलपर्यंत जायचा रस्ता दुसऱ्याच खात्याच्या ताब्यात असतो.

यावर इतर देशांना नावं ठेवून मोकळं होता येत नाही. सहारला अडकलेल्या घानाच्या किंवा फिलिपिन्सच्या प्रवाशाला आपण मुंबई कितीशी दाखवतो? भारताच्या ई-पर्यटक व्हिसासाठी निदान चार दिवस आधी अर्ज करायचा असतो. रात्री विमान रद्द झालेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? जपान, दक्षिण कोरिया अशा मोजक्या देशांच्या नागरिकांना आपण आल्यावर व्हिसा देतो, म्हणजे पासपोर्ट बघून माणूस जोखण्यात आपणही मागे नाही. अडकलेल्या प्रवाशाला, मग तो कुठलाही असो, एका रात्रीचा परवाना काउंटरवरच मिळायला हवा, आणि या मागणीची सुरुवात दिल्लीकडे करावी लागेल. आपण इतरांना सरसकट न दिलेली सवलत कुवेतकडे कुठल्या तोंडाने मागणार?

ते होईल तेव्हा होईल. तोवर तिकीट काढताना भाडं आणि वेळ यांच्याबरोबर मधल्या शहराचा व्हिसाचा नियमही बघा. दोन-चार हजार वाचवणारं तिकीट अशा शहरातून जात असेल जिथे तुम्हाला बाहेर पडता येणार नाही, तर ते स्वस्त नाही. विमान रद्द झालंच, तर कारण लेखी मागा, पावत्या जपून ठेवा आणि दूतावासाचा नंबर आधीच लिहून ठेवा. युरोपीय संघातून सुटणारं विमान कुठल्याही देशाच्या कंपनीचं असलं तरी त्याला 261 लागू होतो, हे काउंटरवर स्पष्ट सांगा.