नोंदलेला मतभेद : सातारा प्रकरणातील पत्रव्यवहार आणि जबाबदारीचा प्रश्न

शासकीय पत्रव्यवहाराकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची सवय इतकी रूढ आहे की, तो लेखनाचा एक स्वतंत्र प्रकार आहे आणि त्या प्रकाराचे स्वतःचे असे नीतिशास्त्र असते, ही बाब सहसा दृष्टीआड होते. वसाहतीच्या गव्हर्नराने वरिष्ठ सत्तेला लिहिलेल्या टिपणांच्या संदर्भात हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. अन्याय्य वाटणाऱ्या धोरणाला अधिकाऱ्याने लेखी विरोध नोंदवला आणि धोरण मात्र अमलात आले, तर त्या नोंदीने त्याची नैतिक जबाबदारी संपते काय? सातारा संस्थान खालसा करण्याविषयीचा १८४८-४९ मधील पत्रव्यवहार या प्रश्नाच्या विचारासाठी उपयुक्त ठरतो.

५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांचे निधन झाले. औरस पुत्र नसल्याने मृत्यूपूर्वी त्यांनी एका मुलाला दत्तक घेतले होते. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी आपल्या टिपणात दत्तक मान्य करावे असे मत दिले. १८१९ च्या तहाने राज्य राजाला, त्याच्या वारसांना व उत्तराधिकाऱ्यांना कायमचे दिले आहे. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र हा वारसच होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. कौन्सिलचे सभासद विलोबी यांनी याविरुद्ध विस्तृत टिपण लिहिले. त्याच वर्षी क्लार्क यांच्या जागी आलेले लॉर्ड फॉकलंड यांनी विलोबींची बाजू उचलून धरली. ३० ऑगस्टच्या टिपणात गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी खालसा करण्याच्या बाजूने कौल दिला आणि जानेवारी १८४९ मध्ये लंडनच्या संचालक मंडळाने, काही संचालकांच्या विरोधानंतरही, त्यावर शिक्कामोर्तब केले.

वरवर पाहता हा वाद ‘वारस’ या एका शब्दाच्या अर्थाचा आहे. दत्तकाने खाजगी मालमत्ता मिळते, परंतु राज्य मिळण्यासाठी सार्वभौम सत्तेची संमती लागते, असे एका पक्षाचे म्हणणे. असा भेद तहाच्या शब्दांत नाही, असे दुसऱ्याचे. मात्र अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी उभय पक्षांत मतभेद नाही. क्लार्क यांचे टिपणही वरच्या दिशेनेच लिहिलेले आहे. धर्मशास्त्र तेथे पुरावा म्हणून येते, पण ते ज्यांच्या जीवनाचा आधार आहे ते लोक त्या लेखनाचे वाचक नाहीत. राजाच्या विधवा, दत्तक मुलगा, साताऱ्याची प्रजा या सर्वांचे स्थान व्याकरणातील तृतीय पुरुषाचे आहे. पदच्युत प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी अनेक वर्षे लंडनमध्ये होते. त्यांचे म्हणणे या व्यवस्थेत टिपण ठरत नाही, ते अर्जच राहते. टिपणाला उत्तर द्यावे लागते. अर्ज नुसता निकालात काढता येतो.

या लेखनव्यवस्थेचे सर्वांत गंभीर समर्थन जॉन स्टुअर्ट मिल यांनी केले. १८२३ ते १८५८ या काळात ते कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीस होते आणि देशी संस्थानांविषयीच्या पत्रव्यवहाराचे मसुदे हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. प्रातिनिधिक शासनावरील १८६१ च्या ग्रंथात त्यांनी भारतातील कौन्सिलांच्या रीतीचा गौरव केला आहे. निर्णय एकाने घ्यावा, पण प्रत्येक सल्लागाराने आपले मत कारणांसह नोंदवावे, म्हणजे जबाबदारी अंधारात विरून जाणार नाही, असा त्यांचा आशय. हा विचार सहज बाजूस सारता येणार नाही. परंतु जबाबदारी दिसणे आणि जबाबदारी पार पाडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याच्यावर परिणाम होतो त्याला उत्तर देणे हा जबाबदारीचा मूळ अर्थ. टिपणात मात्र ज्याच्या हाती बढती आणि मान्यता आहे त्यालाच उत्तर दिले जाते. शिवाय नोंदलेला मतभेद निर्णयाला दुबळा करतोच असे नाही. सर्व बाजूंचा विचार झाला होता, हे सिद्ध करणारे प्रमाणपत्र म्हणूनही तो उपयोगी पडतो.

क्लार्क यांची पुढील कारकीर्द या गुंतागुंतीवर प्रकाश टाकते. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने संस्थानिकांशी झालेले तह पाळण्याचे वचन दिले. १८६० मध्ये क्लार्क पुन्हा मुंबईचे गव्हर्नर झाले, आणि १८६२ पर्यंत कॅनिंग यांनी अनेक संस्थानिकांना दत्तकाचा हक्क मान्य करणाऱ्या सनदा दिल्या. एका अर्थी पराभूत टिपणातील तत्त्वच धोरण बनले. सातारा मात्र परत मिळाले नाही. तत्त्व मान्य झाले ते साम्राज्याला त्याची गरज भासली तेव्हा, आणि तेही पुढील काळापुरते. तेव्हा क्लार्क यांना ‘चांगला गव्हर्नर’ ठरवून समाधान मानणारे वाचन अपुरेच पडते. रणजित गुहा यांनी १८८३ नव्हे, तर त्यानंतर शंभर वर्षांनी, १९८३ मध्ये लिहिलेल्या निबंधात सरकारी गद्याचे अंतरंग उलगडून दाखविले, त्याचे मर्म हेच आहे की, सहानुभूतीचे लेखनही सत्तेच्याच दृष्टिकोणातून लिहिलेले असू शकते.

तरीही या टिपणाचे मूल्य शून्य ठरत नाही. ते नसते, तर ‘त्या काळी सर्वांनाच तसे वाटत होते’ ही सबब निर्णय घेणाऱ्यांना कायमची उपलब्ध राहिली असती. त्याच कचेरीत, त्याच पुराव्यांवरून वेगळा निष्कर्ष काढणे शक्य होते, एवढे ते टिपण निर्विवादपणे सिद्ध करते. याचा अर्थ असा की, लेखी विरोध लिहिणाऱ्याला मुक्त करीत नाही. तो न ऐकणाऱ्याला दोषी ठरवितो. तो लिहिताना ज्यांचा विचार वाचक म्हणून झालाच नव्हता, त्यांचे वंशज आज तो वाचतात, आणि ज्या उत्तराची जबाबदारी टिपणाने वरच्या दिशेने वळवली होती, ते उत्तर मागण्याचा अधिकार या वाचनातून त्यांच्याकडे येतो.